उतरा, राजधानी आली

उतरण्याआधी पदर खोचून घ्या. तिसऱ्या वर्गाच्या डब्याची पायरी उंच आहे आणि नऊवारीची तुम्हाला सवय नाही. लुगडं मात्र झकास जमलंय. नागपुरी, करवतकाठी, आजेसासूबाईंच्या ट्रंकेत असतं तसलं. नवऱ्याकडे बघून हसू नका. त्याच्या डोक्यावर काळी टोपी आहे, अंगात गळाबंद कोट आहे, आणि धोतराचा सोगा सुटेल या भीतीनं त्यानं तो मुठीत गच्च धरून ठेवलाय. फोन नाही, त्यामुळे त्याचा दुसरा हात सारखा रिकाम्या खिशाकडे जातो. खिशात पंचम जॉर्जच्या छापाचे चांदीचे रुपये आहेत आणि थोडी चिल्लर. चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. हिशेब तुम्हीच करा.

जानेवारी १९२५, महिन्यातला शेवटचा बुधवार. हवेत गारठा आहे आणि कोळशाचा धूर.

तुम्ही सक्करदऱ्याच्या. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, खाली उमरेड रोडचा गोंगाट, बुधवारी बाजारामुळे स्कूटर काढायला जागा नाही. शेजारपाजारच्या जोडप्यांनी लंडन केलं, पॅरिस केलं, भिंतीवर फोटो लावले. तुम्ही म्हणालात, आपणही एखादी परकी राजधानी बघून येऊ. ही घ्या. मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी, नागपूर. हिच्यासाठी व्हिसा काढावा लागत नाही, पण दारोदारी कुणीतरी काहीतरी विचारतं, त्याची तयारी ठेवा.

नागपूरकरांची एक जुनी हळहळ आहे की आपण राजधानी होतो. १ नोव्हेंबर १९५६ला ती गेली, आणि पुढे मिळाली ती ‘उप’ लावून. हळहळ खोटी नाही. फक्त जे गेलं त्यात तुमच्यासारख्या माणसाला कुठवर आत जाता येत होतं, ते एकदा पायी फिरून बघायला हवं. म्हणून हा दिवस.

स्टेशन बघा आधी. सावनेरकडच्या वाळूच्या दगडाची ही इमारत जेमतेम दोन आठवड्यांची आहे. १५ जानेवारीला गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या हस्ते उद्घाटन झालं. तुम्हाला माहीत आहे ते स्टेशन पानाच्या पिचकाऱ्यांचं, इथे दगडाच्या कडा अजून हाताला लागतात. पहिल्या वर्गाच्या प्रतीक्षालयाच्या दारात पट्टेवाला उभा आहे. तुम्ही सवयीनं आत डोकावता. तो काही बोलत नाही, नुसता तुमच्या पायांकडे बघतो. पायांत काही नाही हे तुम्हाला तेव्हा कळतं.

फलाटावर डोक्यावर ट्रंका घेऊन चाललेल्या हमालांत बायाही आहेत. त्यांच्याकडे नीट बघा. जाईबाई चौधरी नावाच्या एका बाईनं असंच रेल्वे स्टेशनावर ओझं वाहिलं, मिशनच्या बाईंकडून चार अक्षरं शिकली, शिक्षिका झाली. वर्गात शिकवणारी बाई महार आहे हे कळल्यावर आईबापांनी पोरं काढून घेतली. १९२२मध्ये जाईबाईंनी याच शहरात मुलींसाठी स्वतःची शाळा काढली, चोखामेळ्याच्या नावानं. राजधानीच्या प्रेक्षणीय स्थळांच्या कुठल्याही यादीत ती शाळा नाही. माझं ऐकाल तर स्टेशनापेक्षा मोठी इमारत तीच आहे.

बाहेर टांग्यांची रांग. टांगेवाला तुम्हाला पारखून विचारतो, “बोलो बाई, बर्डी? इतवारी? की बाबा के पास?”

“राजधानी दाखवा,” नवरा म्हणतो.

टांगेवाल्याला कळत नाही. थोडा विचार करून तो म्हणतो, “कचेरी?”

हो म्हणा. त्याच्या लेखी राजधानी म्हणजे कचेरीच. वरून शिक्का मारून येतो तो कागद आणि तो मारणारा साहेब. टांग्यात तुम्ही मागे बसा, नवऱ्याला पुढे टांगेवाल्याशेजारी बसू द्या. शेजारी शेजारी बसलात तर लोक वळून बघतील. खरं तर आताही बघताहेत. नवराबायको सकाळी सकाळी नुसतं शहर बघायला निघालेत, सोबत सासू नाही, पोर नाही, लग्नकार्य नाही, ही गोष्ट त्यांना पचत नाही.

सिव्हिल लाइन्स लागली की आवाज बंद होतो. रुंद रस्ते, दाट झाडं, बंगल्यांची मोठमोठी आवारं, आणि रस्त्यावर माळी सोडून कोणी नाही. हा रस्ता दीड वर्षापूर्वी असा शांत नव्हता. मध्य प्रांताच्या सरकारनं हुकूम काढला होता की राष्ट्रीय झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये मिरवणूक नेता येणार नाही. १ मे १९२३पासून रोज काही स्वयंसेवक शहरातून झेंडा घेऊन इकडे निघायचे आणि हद्दीवर पकडले जायचे. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, मग वल्लभभाई पटेल नागपुरात येऊन राहिले. जबलपूरच्या सुभद्राकुमारी चौहान अटक करवून घ्यायला इथे आल्या, त्यांचं वय तेव्हा एकोणीसच्या आसपास. दीड हजारांवर माणसं पकडली गेली. अखेर १८ ऑगस्टला शंभर जण झेंडा घेऊन या रस्त्यावरून गेले आणि कोणी अडवलं नाही.

साडेतीन महिने लोकांनी तुरुंग भरले ते एका रस्त्यावरून चालण्यासाठी. तुम्ही त्या रस्त्यावरून आता टांग्यानं जाताय. घोड्याच्या टापांशिवाय काही ऐकू येत नाही आणि तुमचा नवरा नेमका याच वेळी विचारतो, चहा कुठे मिळेल.

नाही मिळणार इथे.

कौन्सिलची इमारत लांबून बघा. तुमच्या काळात हिवाळी अधिवेशनाला इथे मोर्चे, बॅरिकेड आणि संत्री असतात, आज एक शिपाई आहे. आत जाता येत नाही, पण गंमत ऐका. १९२३च्या निवडणुकीत या प्रांतात स्वराज पक्षाला बहुमत मिळालं. डॉ. मुंजे आणि त्यांचे सहकारी निवडून आले ते कारभार करायला नव्हे, कारभार अडवायला. सरकारनं दुसऱ्या लोकांना मंत्री नेमलं. कौन्सिलनं जानेवारी १९२४मध्ये त्यांच्यावर अविश्वास ठराव मंजूर केला आणि नंतर मंत्र्यांचा पगार मंजूर करताना रक्कम ठरवली: वर्षाला दोन रुपये. मंत्री घरी गेले आणि गव्हर्नरनं त्यांची खाती स्वतःकडे घेतली. म्हणजे तुम्ही ज्या राजधानीला आला आहात तिला आज मंत्रीच नाहीत. कौन्सिल आहे, इमारत आहे, फायली आहेत. शिपायालाही महिन्याला जेवढं मिळतं तेवढं मंत्र्याला वर्षाकाठी देऊ न करणारे हे लोक पाहिल्यावर मला विदर्भाच्या राजकारणात तो वात्रटपणा पुढे का टिकला नाही याचं वाईट वाटतं.

बाई मात्र कौन्सिलात एकही नाही. बारा वर्षांनी, १९३७मध्ये, याच प्रांताच्या विधानसभेत अनसूयाबाई काळे उपसभापती होतील. तोवर तुम्ही फाटकाबाहेर.

गव्हर्नरांचा बंगला टाकळीला आहे. टांगेवाला घोडा तिकडे वळवायला तयार नाही. साहेब बदलतोय, स्लाय जाऊन माँटेग्यू बटलर येताहेत, पोलीस जास्त आहेत म्हणे. तसंही उन्हाळ्यात बंगला रिकामाच असतो. एप्रिल आला की फायली, कारकून, पट्टेवाले असं सगळं सरकार उचलून पचमढीला जातं. नागपूरचं ऊन ज्यांना सोसायचं नव्हतं त्यांची ही राजधानी होती, हे ध्यानात असू द्या.

परतीच्या वाटेवर वाळूच्या दगडाचा एक खांब लागेल. उडी मारून उतरू नका, टांगेवाला दचकेल. हो, हाच तो झिरो माइल. १९०७चा, मोजणी खात्याचा. त्रिकोणमितीय सर्वेक्षणातल्या लोकांनी अंतरं आणि उंच्या धरायला रोवलेला दगड, गावांची नावं आणि मैल कोरलेले. भारताचा बरोब्बर मध्य इथे आहे ही कथा पुढे चिकटली, आणि अखंड भारताचा नकाशा काढून ती सिद्ध करणारी माणसं तुमच्या सोसायटीतही असतील. आज या खांबासमोर कोणी फोटो काढत नाही. एक शेळी त्याला अंग घासते आहे.

जवळच कस्तुरचंद पार्क. एवढं मोकळं मैदान तुमच्या काळातही राहिलंय हे नशीबच. मे १९२०च्या अखेरीला, नागपूरच्या मे महिन्यात, इथे अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली होती. अध्यक्ष कोल्हापूरचे शाहू महाराज, आणि बोलणाऱ्यांत एकोणतीस वर्षांचा एक तरुण, भीमराव आंबेडकर. त्याच वर्षी डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन झालं, चौदा हजारांवर प्रतिनिधी आले, असहकाराच्या ठरावावर शिक्का बसला, आणि मांडव पडला त्या भागाचं नाव काँग्रेसनगर होऊन गेलं. पहिल्या सभेच्या नावाचं नगर कुठे झालं नाही. पण त्या सभेनंतर छत्तीस वर्षांनी त्याच तरुणानं याच शहरात जे केलं, त्यानं नागपूरचा नकाशाच बदलला. ते तुम्हाला सांगायला नको.

आता अजब बंगला. इथे तुम्हाला कोणी अडवणार नाही. १८६३पासूनचं हे संग्रहालय म्हणजे सरकारनं रयतेसाठी उघडलेल्या मोजक्या दारांपैकी एक. खेड्यातून खटल्याला आलेली माणसं तारीख पुढे गेली की इकडे येतात. पागोटेवाले बाप्ये पेंढा भरलेल्या वाघाला हात जोडताहेत. एक बाई आपल्या पोराला सांगते आहे की रात्री हे सगळे जिते होतात. तुम्ही गुंगेरियाच्या कपाटापाशी थांबा. १८७०मध्ये बालाघाटकडे गुरं राखणाऱ्या पोरांना जमिनीत तांब्याची हत्यारं सापडली, चारशेवर, आणि सोबत चांदीचे शंभरावर पत्रे, त्यातले काही बैलाच्या मुंडक्याच्या आकाराचे, शिंगांसकट. काही ऐवज लंडनला गेला, काही इथे राहिला. ते पत्रे कानातलं होतं की देवाला वाहिलेलं, यावर तुम्ही आणि ती पोरवाली बाई बोलू लागता. तिचं मत असं, की बैलांनाच घालत असतील पोळ्याला. हा तर्क कुठल्या विद्वानानं मांडला असता तर छापून आला असता.

इथे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉपचीही आठवण काढून ठेवा. १८४५ला आलेला हा स्कॉटिश पाद्री धर्मप्रसारासाठी आला आणि सीताबर्डी-टाकळीचे दगड फोडत बसला, त्यातून जीवाश्म काढले, गोंडांची गाणी-कथा लिहून घेतल्या. १८६३मध्ये टाकळघाटाजवळ नदी ओलांडताना वाहून गेला. त्याच्या नावाचं कॉलेज तुम्हाला ठाऊक आहे.

ऊन चढलंय. महाराजबागेतून चला, सावली आहे. भोसल्यांची बाग, आता सरकारी, पिंजऱ्यात जनावरं आहेत, शेजारी शेतकी कॉलेज. नावातला महाराज गेला आणि बाग राहिली. नागपुरात हे नेहमीचंच आहे: तुळशीबाग, रेशीमबाग, तेलंगखेडी, सोनेगाव, सक्करदरा. ज्याला तुम्ही पत्ता समजता तो बहुतेक वेळा कुठल्यातरी भोसल्याचा बगीचा नाहीतर तलाव निघतो.

बर्डीवर जेवायचं असेल तर खानावळी आहेत. मालक पाटावरून मान वर करून विचारतो, “कोण तुम्ही?”

“सक्करदऱ्याचे,” नवरा म्हणतो.

“ते झालं हो. पण कोण?”

नवऱ्याला प्रश्न कळायला वेळ लागतो. तुम्हाला लगेच कळतो. भाड्यानं घर शोधताना हाच प्रश्न तुम्हाला विचारला गेला होता, जरा सभ्य शब्दांत, आडनावाच्या आडून. उत्तर खरं असो की खोटं, दिलं की त्याप्रमाणे पान कुठे मांडायचं ते ठरेल, किंवा मांडायचंच नाही हे ठरेल. आणि बाईमाणसाचं पान बाहेरच्या पंगतीत तर नाहीच. माझा सल्ला असा की उत्तर देऊ नका. समोर संत्रीवाली बसली आहे, तिच्याकडे जा.

संत्री विकणारी काही विचारत नाही, फक्त हाताला पैसा लागू देत नाही. तुम्ही वरून टाकायचा, तीही फळ वरून टाकणार. सोलल्यावर वास तोच, पण साल सैल, बिया भरपूर आणि आंबटपणा असा की डावा डोळा मिटतो. हे झाडही परकंच बरं का. दुसऱ्या रघुजीच्या काळात भोसल्यांनी औरंगाबादेहून आणलं म्हणतात. नागपूरचं म्हणून जे जगभर गेलं ते आलं मराठवाड्यातून. घ्या डझनभर, फुटाणेही घ्या, जुम्मा तलावाकाठी बसून खाऊ.

वर सीताबर्डीचा किल्ला दिसतोय. फडकतोय तो युनियन जॅक. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ला या दोन टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजा हरल्या आणि राजधानीची किल्ली इंग्रजांच्या हाती गेली. किल्ला बांधला तो नंतर, जिंकणाऱ्यांनी. तुमच्या काळातही तो लष्कराकडेच आहे आणि वर्षातून मोजकेच दिवस उघडतो, त्यामुळे आज बंद म्हणून चुकल्यासारखं वाटायचं कारण नाही.

जुम्मा तलाव म्हणजे तुमचा गांधीसागर. काठावर बसलात की डोळ्यांत भरतात त्या एम्प्रेस मिलच्या चिमण्या. जमशेटजी टाटांनी तलावाशेजारची दलदल घेऊन तिच्यात माती भरायला सुरुवात केली, तेव्हा एका स्थानिक सावकारानं पैसे द्यायला नकार दिला. हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय, असं त्याचं म्हणणं. नंतर तोच म्हणाला, यानं माती पुरली आणि सोनं काढलं. १ जानेवारी १८७७ला गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस. राणीचं नाव घेतलं हे खरं, पण मला वाटतं नागपूरला शहर केलं ते गव्हर्नरांनी कमी आणि या गिरणीनं जास्त. कचेरीनं कारकून दिले. गिरणीनं भोंगा दिला, पगार आणला, आणि कोष्टी-महारांच्या हातांना हातमाग आणि शेतमजुरी सोडून तिसरी वाट दाखवली. संप करायलाही इथेच शिकले लोक.

भोंगा होतो. पाळी सुटते. कापसाचे कण केसांत अडकलेल्या बायकांचा लोंढा बाहेर पडतो आणि तुम्ही त्यात सापडता. दिवसभरात पहिल्यांदा तुमच्याकडे कोणी बघत नाही. एकीच्या काखेत पोर आहे, दुसरी भाव सांगते आहे तांदळाचा, तिसरी शिव्या देते आहे मुकादमाला, त्या शिव्या तुम्हाला जशाच्या तशा कळतात. तुमच्या काळात या जागेवर मॉल आहे. एसीत बसून तुम्ही तिथे पिझ्झा खाल्ला आहे.

आता जुम्मा दरवाजातून महालात. चांद सुलतानानं शहराला कोट घातला, त्याची ही वेस, तुम्ही हिला गांधीगेट म्हणता. आत शिरलात की राजधानी बदलते. सकाळी पाहिली ती साठ-सत्तर वर्षांची. ही तिच्या आधीची, बख्त बुलंद शहा या गोंड राजानं १७०२च्या सुमारास बारा वाड्या जोडून वसवलेली, मग भोसल्यांची. इथून निघालेल्या फौजांनी कटकपर्यंतचा ओडिशा घेतला आणि बंगालात अशी दहशत बसवली की बर्गी येतील म्हणून तिथल्या आया पोरांना निजवू लागल्या. परक्या राजधान्या आपणही होतो, कोणाकोणाच्या.

भोसल्यांचा वाडा शोधाल तर सापडणार नाही. काळा दगड आणि कोरीव लाकूड, असा होता म्हणतात. १८६४ला जळाला. नगारखाना राहिला, कल्याणेश्वर राहिला. वाडा जळायच्या दहा वर्षं आधी राज्य गेलं होतं. ११ डिसेंबर १८५३ला तिसरा रघुजी वारला, पोटी मूल नाही, आणि डलहौसीनं १८५४मध्ये राज्य खालसा केलं. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात मातीमोल गेले, जवाहीर कलकत्त्याला गेलं. दुसऱ्या रघुजीची विधवा बांकाबाई तेव्हा म्हातारी झाली होती. तिनं लंडनला वकील धाडले. ते पैसे खर्चून हात हलवत परत आले. तीन वर्षांनी उत्तरेत आग लागली तेव्हा याच बाईनं नागपुरात कोणाला हलू दिलं नाही, ज्यांनी तिचं घर लिलावात काढलं त्यांच्याच बाजूनं उभी राहिली. का, यावर नागपुरात अजून दोन पक्ष आहेत. मी बांकाबाईला दोष देणाऱ्यांपैकी नाही. आपल्या माणसांची प्रेतं मोजण्यापेक्षा तिनं अपमान गिळला असेल, आणि तिच्या जागी उभं राहून बघितल्याशिवाय या प्रश्नावर तावातावानं बोलण्यात अर्थ नाही.

महालाच्या गल्ल्यांत माणसं ‘महाराष्ट्र’ वाचताहेत, गोपाळराव ओगल्यांचं पत्र, १९१४पासूनचं. महाराष्ट्र नावाचं राज्य व्हायला अजून पस्तीस वर्षं आहेत आणि त्या नावाचं वर्तमानपत्र निघतंय एका हिंदी-मराठी जोडप्रांताच्या राजधानीत. ओट्यावर वाद रंगलाय. दोन वर्षांपासून शहरात मशिदीपुढून वाजंत्री न्यायची की नाही यावरून ताण आहे, दंगे झालेत, माणसं आपापल्या गल्लीत शिरली आहेत. याच मोहल्ल्यात येत्या दसऱ्याला डॉ. हेडगेवार नावाचे गृहस्थ आपल्या घरी थोडी मंडळी जमवतील आणि एक संघटना सुरू करतील. ओट्यावरच्या कोणाला आज त्याचा पत्ता नाही. तुम्हाला आहे, आणि नवरा तोंड उघडणार इतक्यात तुम्ही त्याच्या कोटाची बाही ओढता.

“चला न, उशीर होऊन राहिला.”

सक्करदऱ्याला जायचं म्हटल्यावर टांगेवाला एकदम खुलतो. सकाळपासून त्याला याचीच वाट होती. “तो बाबा के पास ही जाना था, पहिले बोलते!” वस्ती संपते. रस्ता कच्चा, दोन्हीकडे शेतं, आणि त्या रस्त्यावर राजधानीत दिवसभर दिसली नाही एवढी गर्दी. बैलगाड्या, दमण्या, एक मोटार धूळ उडवत, काठी टेकत चाललेले म्हातारे, खांद्यावर आजारी पोर घेतलेला बाप.

सक्करदऱ्यात भोसल्यांचा वाडा आहे, लाल महाल. राज्य गेलेल्या घराण्याकडे पेन्शन आहे, मान आहे आणि जागा आहे. १९०८मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी हमी देऊन नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळातून एका फकिराला इथे आणलं. कामठीत जन्मलेले, पलटणीत नोकरी केलेले, सोळा वर्षं इस्पितळात काढलेले ताजुद्दीनबाबा. मध्ये काही वर्षं ते वाकीला राहिले, मग पुन्हा इथे. आता वय चौसष्ट.

बाबा दिसले तर टांग्यात दिसतील. टांग्यातून फिरणं त्यांना आवडतं, टांगा कुठे वळेल ते कोणी सांगू शकत नाही, आणि वळेल तिकडे माणसं धावतात. काय बोलतात ते बहुतेकांना कळत नाही, ज्याचा तो अर्थ लावतो. चमत्कारांच्या कथा तुम्हाला रांगेत पन्नास ऐकू येतील. माझा त्यांवर विश्वास नाही, तुमचा असेल तर असू द्या. मी दुसरंच काहीतरी बघायला तुम्हाला इथवर आणलंय. रांगेत तुमच्या पुढे बुरख्यातली बाई आहे, मागे कुंकवाची चिरी लावलेली. पलीकडे वकिलाचा काळा कोट दिसतोय. गिरणीत सुटलेली एकजण पोराला घेऊन थेट इथे आलीय. तिकडे महालात वाजंत्रीवरून डोकी फुटली आणि इथे हिंदू राजाच्या अंगणात मुसलमान फकिरापुढे दोघांचीही डोकी टेकताहेत. सरकारला वाटतं राजधानी सिव्हिल लाइन्समध्ये आहे. टांगेवाल्याला सकाळीच ठाऊक होतं की परगावचा माणूस गाडीतून उतरला की तो तीनच गोष्टींसाठी आलेला असतो, बाजार, कचेरी किंवा बाबा. आणि तिन्हींत आत जायला कोणी नाव विचारत नाही असं एकच ठिकाण आहे.

फार गोड करून सांगत नाही. बाबांच्या भोवतीही मानाची माणसं आहेतच, जवळचे आणि लांबचे आहेत. राजवाड्यातल्या लोकांसाठी वाट निराळी आहे. पण तुमच्या हातावर कोणीतरी जेवण ठेवतं, डाळ-भात, आणि हातावरच ठेवतं, वरून टाकत नाही. बर्डीवरच्या फुटाण्यांवर दिवस काढलेला नवरा दोनदा मागून घेतो.

सहा-सात महिन्यांनी, १७ ऑगस्टला, बाबा जातील. उमरेडच्या वाटेवर पुढे त्यांची कबर होईल, ताजबाग वसेल, तुमच्या फ्लॅटवरून उरसाच्या मिरवणुका जातील आणि तुम्ही ट्रॅफिकच्या नावानं बोटं मोडाल.

अंधार पडायला थोडा वेळ आहे. आता तुम्हाला ती एक गोष्ट करायची आहेच, सकाळपासून तुमच्या मनात आहे. घर शोधायचं आहे. तलाव ओळखीचा आहे, तुम्हाला माहीत आहे त्याहून किती तरी मोठा. त्याच्या काठापासून तुम्ही अंदाज घेत निघता, हा चौक असेल, इथे मेडिकलवाला, इथून डावीकडे. नवरा म्हणतो उजवीकडे. भांडण तेच, रस्ते तेवढे नाहीत. शेवटी ज्वारीच्या एका शेतात येऊन दोघंही थांबता. “इथंच,” तुम्ही म्हणता. “तीन मजले वर आपली गॅलरी.” दोघंही वर बघता. वर पोपटांचा थवा चाललाय.

मचाणावरून राखणदाराचा आवाज येतो. “कोन हाय?”

तुम्ही गप्प.

“बाबाच्या दर्शनाले आले का? चुकले वाटते. वाडा तिकडं ऱ्हायला.” तो खाली उतरतो, हातात गोफण. जवळ येऊन लुगडं बघतो, कोट बघतो. शेकोटीपाशी हुरड्याची कणसं भाजायला ठेवलेली आहेत. “बसा. इकडचे दिसत नाही तुमी. कुठचे होय?”

नवरा तुमच्याकडे बघतो. दिवसभरात हा प्रश्न त्याला तिसऱ्यांदा आलाय आणि आता त्याला उत्तर द्यायचं नाही.

“वरचे,” तुम्ही म्हणता.

राखणदार मान हलवतो. “असं असं. शिवनी-छिंदवाड्याकडचे. मंग थंडी नसन वाजत तुमाले.” आणि तो कणीस चोळायला घेतो.